चकतीचे दोन फेरे

देवरामच्या घरात दिवा कधी लागायचा नाही, नळ चालू व्हायचा. नवीन पाहुणा यायचा नि देवराम आतल्या सुनेला हाक मारायचा, "वैष्णवी, न्हाणीतला नळ चालू राह्यलाय गो!" पाहुणा बिचारा उठून न्हाणीत जायचा, नळ घट्ट करून यायचा. वर बल्ब तसाच जळत असायचा. मग वैष्णवी तोंडाला पदर लावून हसत यायची नि बटण बंद करायची. वीज म्हणजे पाणीच, असं देवरामचं ठाम मत. आता त्याला कोण समजावणार? तीस वर्षं त्यानं भातसानगरला धरणावर खलाशी म्हणून काढलेली. दरवाज्यांना ग्रीस लावायचं, पाण्याची पातळी बघायची, वरच्या साहेबांना आकडा सांगायचा. पाणी उंचावरून पडतं, खाली चाकं फिरतात, तारेतून वीज निघते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं.

तिथल्या क्वार्टरमध्ये पडल्या पडल्या त्याला पाण्याचा घुमारा ऐकू यायचा. डोळे मिटले की त्याला वाटायचं, हेच पाणी आता तारेत शिरलं, डोंगर चढलं, शहापूर ओलांडून, मुरबाड ओलांडून धसईच्या पुढं आपल्या वाडीत पोचलं, नि खांबावरून उतरून आपल्या ओटीवर आलं. तिथं बायको, गोजर, बसली असेल. या विचारात त्याला झोप लागायची. शनिवारी संध्याकाळची गाडी धरून तो घरी यायचा नि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. संसार म्हणजे एवढाच, आठवड्याचा रविवार. त्यातच एक मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, तो मुरबाडच्या एका कंपनीत पाळ्या करायला लागला. कसं झालं हे सगळं, ते गोजरला ठाऊक.

दोन हजार चार साली देवराम रिटायर झाला. निरोपाच्या दिवशी बरोबरच्यांनी शाल, नारळ नि चावीचं गजराचं घड्याळ दिलं. ज्याची नोकरी संपली त्याला गजर कशाला, असं सगळे हसले. पण ते घड्याळ पुढं काय काय करणार होतं ते कुणाला माहीत!

घरी आला नि पहिल्याच दुपारी ओटीवर आडवा पडला तर समोर मीटर. काळा डबा, त्याला काचेची खिडकी, आत ती रुपेरी चकती गरगरत होती. कडेला तिच्या एक काळी खूण. खूण यायची, जायची, परत यायची. देवराम बघतच राहिला. धरण रिकामं होतंय नि आपण उताणे पडून बघतोय, असं त्याला झालं. त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे शिरलं ते काही निघालं नाही. ही चकती एकदा, निदान एकदा, थांबलेली बघायची. घर भरलेलं असावं, माणसं सुखात असावीत, नि चकती तळ्यातल्या पाण्यासारखी निश्चल. बस्स. माणसाला म्हातारपणी देव दिसावासा वाटतो, याला थांबलेली चकती.

मग सुरू झाले उद्योग. मुरबाडच्या भंगारवाल्याकडून त्यानं मोडक्या फ्रिजचं बटण आणलं नि धान्याच्या खोलीच्या चौकटीत बसवलं. दार उघडलं की उजेड, लावलं की अंधार. पाण्याच्या टाकीत प्लास्टिकचा गोळा सोडला, त्याला सायकलची घंटी जोडली. टाकी भरली की घंटी वाजायची, वैष्णवी धावत जाऊन मोटार बंद करायची. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी त्याचा लाल ठिपका जळत राहतो हे कळल्यावर तर देवराम दोन दिवस जेवला नाही धड. "झोपेत पण पितोय रे हा!" म्हणाला.

टीव्हीसाठी त्यानं घड्याळ कामाला लावलं. गजर वाजायला लागला की मागची चावी उलटी फिरते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या चावीला दोरा बांधला. चावी फिरली की दोरा गुंडाळला जायचा नि बटण ओढायचा. पण आपल्याकडचं बटण खाली केलं की चालू नि वर केलं की बंद, म्हणून दोरा वरच्या कप्पीवरून घ्यावा लागला. मालिका ऐन रंगात आली की टर्रर्र, खट्! वैष्णवीनं हात जोडले. "मामा, तुमी धरणावरच बरे होते."

गोजर मात्र कधी कुरकुरली नाही. उलट देवरामला वाटायचं, आपल्याहून हीच जास्त काटकसरी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण लोडशेडिंगचं वेळापत्रक तिला तोंडपाठ. कुठल्या आठवड्यात सकाळची लाईट जाणार, कुठल्यात सांजची, विचारा नि ती हातातलं काम न थांबवता सांगणार. सांजची जाणार असली त्या आठवड्यात ती शेताकडं फिरकायचीच नाही, पाणी द्यायला शेजारच्या बाईजेला सांगायची. एरवी ओहोळावरच्या मोटारीला लाईट आली की जायची, वांग्यांना पाणी द्यायची नि अंधार पडल्यावर मागच्या बांधानं सावकाश घरी यायची. देवराम लोकांना कौतुकानं सांगायचा, "लाईटीचा टाइम आमच्या हिला इचारा."

एकाच गोष्टीत ती हटून बसायची. मागच्या पडवीत, शेताच्या बाजूला, एक पिवळा झिरोचा बल्ब होता. लाईट आली त्या वर्षी तिनंच हट्टानं लावून घेतलेला. तो रात्रंदिवस जळायचा. देवराम त्याला कधी काही बोलला नव्हता, कारण झिरो म्हणजे झिरो. सगळी वाडी तेच म्हणायची. झिरोला बिल येत नाही, झिरो काही खात नाही, नावातच शून्य. धरणावर तीस वर्षं काढलेल्या माणसानंही ते मानलं होतं, यात काय ते समजा.

एका दुपारी देवरामनं घरातलं एकूण एक बटण वर केलं, टीव्हीची पिन काढली नि मीटरपुढं पाट टाकून बसला. चकती थांबली असं वाटलं. नाही. काळी खूण, मुंगी चालावी तशी, सरकत होती. तो घरभर फिरला, भिंतीला कान लावले. शेवटी मागं जाऊन झिरो बंद केला नि परत आला. खूण जागच्या जागी. परत चालू केला, सरकली. बारा वर्षं! दिवस नाही, रात्र नाही, बारा वर्षं हा शून्याचं नाव सांगून पीत होता.

"गोजर, झिरो पण खातो गो!"

गोजर भात पाखडत होती. सूप थांबलं. "मग खाऊ द्या," ती म्हणाली.

"अगो, पण रातभर दिवसभर कशाला? मागं कोण बसतो आपला?"

"बाकी घर काळोखात ठेवा. माझ्या झिरोला हात नाय लावायचा." नि ती उठून आत गेली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

आता शहाण्या माणसानं तिथं विषय सोडला असता. पण चकती डोळ्यापुढून हलेना. भांडण नको म्हणून देवरामनं गुपचूप मार्ग काढला. टीव्हीचं घड्याळ काढून त्यानं मागच्या पडवीत, वैरणीच्या आड बसवलं. गजर साडेसहाचा. घंटीत चिंधी कोंबली, आवाज नको. तेवढ्या वेळाला मागं कुणी नसतं, गोजर आली की कुठं रोज वर बघणार आहे, असा त्याचा हिशेब.

मार्गशीर्षातली संध्याकाळ. वैष्णवी माहेरी गेलेली, मुलगा दुसऱ्या पाळीला. गोजर शेतावर. घरातली बाकी सगळी बटणं वर करून देवराम एकटाच मीटरपुढं बसला. बाहेर चंद्र कधीच वर आलेला, अंगणातल्या तुळशीचं पान न् पान दिसत होतं. मागं चिंधीतून गजर घुसमटल्यासारखा वाजला, खट् झालं, नि काचेतली काळी खूण थांबली.

खरंच थांबली. देवरामनं श्वास धरला. सगळं घर गप्प. त्याला वाटलं, भातसाचे सगळे दरवाजे आत्ता मिटले, जलाशय काठोकाठ भरला, त्यावर चांदणं पसरलं, नि आपण त्याच्या मधोमध तरंगतोय. तारेतलं पाणीसुद्धा खांबावर निवांत झोपलंय. काय सुख वाटलं म्हणून सांगू! असा तो किती वेळ बसला, त्यालाही कळलं नाही. मग मनात आलं, हे गोजरला दाखवायला पाहिजे. नि तेव्हा लक्षात आलं, गोजर अजून आली नाही.

तो मागच्या दारी गेला. "गोजर गो!"

बांधाकडून आवाज आला, बारीक. "अवो... लाईट गेली का?"

तो धावला. चांदण्यात बांध पांढरा दिसत होता, पेंढ्याची काडी न् काडी दिसत होती. नि मधल्या बांधावर गोजर उभी होती. एक पाय खालच्या चिखलात, पोटरीपर्यंत. दोन्ही हात पुढं केलेले. देवराम तिच्यापुढं दोन हातांवर जाऊन थांबला, चंद्र त्याच्या तोंडावर.

गोजर त्याच्याकडं बघत म्हणाली, "कोण हाय?"

देवरामला रडूच फुटलं. त्यानं तिचा हात धरला तशी ती दचकली, मग हात ओळखून तिनं तो घट्ट धरला. बांधावरच बसली दोघं.

"सांजचा दिसत नाय मला," ती म्हणाली. "ल्हानपणापासून नाय. आयस बोलली, सासरी बोलू नको. आपली कपिली होती तवर तिच्या दाव्याला धरून यायची मी, ती बरोबर गोठ्यात आणायची. ती मेली नि त्याच वर्षी लाईट आली. झिरो तेवढा दिसतो लांबून, ठिपक्यासारखा. त्याच्याकडं तोंड करून चालत यायचा. रात्री उठला तरी त्याच्यावर घर कळतो."

"मला का नाय सांगितला गो? एवढी वर्षं?"

"तुमी शनवारी यायचे, सोमवारी जायचे. त्यात काय काय सांगायचा?"

मुंबईला पाणी पाजणाऱ्या धरणाची पातळी तीस वर्षं इंचाइंचानं सांगणारा माणूस, नि बायकोला दिसत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

शहापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं नि हे जन्माचंच, औषध नाही म्हणाले. घरी आल्यावर त्यानं घड्याळ काढलं, दोऱ्याची बाजू फिरवली. आता बटण वर ओढायचं नव्हतं, खाली ओढायचं होतं, म्हणून कप्पीची गरजच उरली नाही. दिवस मावळला की झिरो आपसूक लागेल, लाईट गेली तर खाली स्कूटरची जुनी बॅटरी नि तिच्यावर एक छोटा बल्ब. गोजरच्या उशाला त्यानं एक लोंबतं बटण दिलं, रात्री उठलं की हाताशी. झिरो बंद करायचा तो फक्त गोजरनं, घरात पाऊल टाकल्यावर. दुसऱ्या कुणाचा हात नाही.

त्याला तर रोज बांधावर जाऊन उभं राहायचं होतं. पण गोजरनं काही ऐकलं नाही. "तुमी तिथं उभे राह्यले की लोक इचारतील. इतकी वर्षं झाकला, आता उघडा नका करू."

म्हणून देवराम ओटीवर बसतो, मीटरपुढं. गोजर घरात येईस्तोवर घरातले बाकी सगळे नळ बंद, चकती फिरायची ती एकट्या झिरोवर, हा नियम. वैष्णवी उरल्या उजेडात ओटीवरच भाजी चिरते नि पुटपुटते. वाडीतली माणसं रस्त्यानं जाताना हसतात. म्हातारा बघा, अजून चकती मोजतोय, चिकट कुठला. मोजतोच तो. गोजर ओहोळावरून निघताना बाईजेला मोठ्यानं हाक मारते, ती त्याला ऐकू येते. तिथून घर म्हणजे चकतीचे दोन फेरे, तिच्या सावकाश चालीनं. काळी खूण एकदा येते, तेव्हा ती मधल्या बांधावर असते. तिथं देवरामचा जीव टांगणीला लागतो. भाजी चिरणाऱ्या वैष्णवीचा हात पण का कोण जाणे थांबतो. फिर गो बाई, असं देवराम चकतीला म्हणतो, फिरत राहा, थांबू नको. ज्या चकतीनं थांबावं म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, तिला.

खूण दुसऱ्यांदा येते, काचेच्या मधोमध होते, पुढं सरकते. नि मग मागच्या पडवीत खट् असा आवाज होतो, चकती जागच्या जागी थांबते, नि देवराम सुनेला म्हणतो, "आली गो तुझी सासू. चालू कर आता सगळे नळ."