काटा बोलला ती दुपार
काल कुंपणाजवळ बाभळीचा काटा पायात रुतला आणि तळोद्यातल्या आमच्या शेजारच्या मारवाडी शेठाणीचा फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आठवला. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. फोनोच्या सुया बाजारात मिळेनाशा झाल्या, तेव्हा ती बाभळीच्या काट्याचं बूड कापून तोच सुईच्या जागी बसवायची. दुपारी शेठ दुकानात गेले, की गल्लीतली आम्ही पोरं काटे घेऊन तिच्या ओसरीवर हजर. घुंघट कपाळावर सारून ती एकेक काटा उजेडात धरायची आणि वाकडा दिसला की फेकून द्यायची. ज्याचा काटा फोनोला लागेल त्याने भोंग्याजवळ बसायचं, हा तिचा कायदा. मला तो मान कधी मिळाला नाही, याचा राग अजून आहे. एकदा माझी धाकटी बहीण लंगडत आली आणि मूठ उघडून पायातून काढलेला काटा दाखवत म्हणाली, "हाऊ मन्हा पायमाईन निंघना." शेठाणीने काटा पदराला पुसला, कापला, बसवला. चावीची करकर झाली, तेलाचा वास आला, आणि तबकडीतल्या राजाराणीची गोष्ट इतकी मऊ निघाली, की जणू कुणी गोधडीआडून सांगतंय. पायाचं रक्त विसरून बहीण आम्हालाच दटावत होती, "चूप बसा! मन्हा काटा बोली ऱ्हायना!" ती गोष्ट आता मला आठवत नाही. बहीणही राहिली नाही. कालचा काटा मी उजेडात धरून पाहिला. चांगला सरळ होता. मग आसपास कुणी नाही असं बघून हळूच कानाशी नेला.