खालाचे डबे

खाला, म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची मावशी, इस्पितळाच्या कँटीनमध्ये भांडी घासते. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. साहित्याची पदवी घेतली, त्यामुळे नोकरी नाही आणि वेळ भरपूर. म्हणून यंदा बकरी ईदला कुर्बानीच्या वाटपासाठी तिने मला हमालीला धरलं.

आमच्या भागात एक संस्था आहे. ज्यांना परवडतं ते कुर्बानी तिच्याकडून करून घेतात. मांसाचे तीन वाटे होतात. एक घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. गरिबांचा वाटा संस्था वाटते. पूर्वीपासून तो गोदामाच्या फाटकाशी वाटायचे. उन्हात रांग, ढकलाढकली, मग काळी प्लास्टिकची पिशवी. पिशवी घेताना एक फोटो. तो देणगीदारांसाठी.

नवरा गेल्यावर खालाही त्या रांगेत उभी राहिली. एका वर्षी तिचा फोटो मोठा करून फलकावर लावला. चेहरा नव्हता त्यात, फक्त पुढे केलेला हात. पण तिच्या धाकट्या मुलीने बांगडी ओळखली. शाळेत जाता-येता ती फलक बघायची. एक दिवस म्हणाली, "अम्मी, आपण तिथे अजून किती दिवस मागत उभे राहणार?"

खाला तशीच उठून अध्यक्षांच्या खोलीत गेली. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. मनाने चांगले, पण एकटा माणूस समोर असला तरी सभेत बोलल्यासारखे बोलतात.

"फोटो उतरवा."

"अहो, या फोटोने किती देणग्या आणल्यात!"

"फोटो तुमचा असेल, हात माझा आहे."

फोटो उतरला. रांग राहिली. खाला मात्र तेव्हापासून दर वर्षी पिशव्या भरायला जाऊ लागली आणि दर वर्षी तेच बोलू लागली. रांग बंद करा. घरोघरी द्या. आणि पिशवीत नको, डब्यात द्या.

"पिशवी दिली की विषय संपतो, खाला," अध्यक्ष म्हणायचे. "डबे कोण परत आणून देणार?"

"विषय संपू नये म्हणूनच डबा. पिशवी मागणाऱ्याला देतात. डबा शेजाऱ्याकडे जातो. शेजारी तो परत करतो."

यंदा अध्यक्षांनी हात टेकले. "करा काय ते. पण एक जरी डबा कमी आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पिशव्या, पुन्हा रांग. मग हा विषय माझ्यापुढे काढायचा नाही."

"नाही काढणार."

भांडी भाड्याने देणाऱ्याकडून तिने स्टीलचे डबे आणले. स्वतःच्या शब्दावर.

कुर्बानीच्या दिवशी गोदामाची फरशी सारखी धुतली जात होती. बर्फाच्या टबांमध्ये मांस येऊन पडत होतं. मुख्य खाटकाला सगळे पहिलवान म्हणतात. तो मांडीचे तुकडे बाजूला सारत होता.

"हे कुणासाठी?" खालाने विचारलं.

"असंच. कुणी मोठा माणूस आला तर."

"मिसळ त्यात. कुणाच्या डब्यात नुसती हाडं गेली ना पहिलवान, तर तुझी भर घालीन."

त्याने मिसळलं.

डबे घेऊन आम्ही जिने चढत राहिलो. सगळ्यात वर शिंपीमास्तरांचं दार. लोक तयार कपडे घेतात, त्यामुळे मास्तरांचं मशीन बंदच असतं. बायको आजारी. डॉक्टरांनी तिला सूप द्यायला सांगितलं होतं. गेल्या वर्षी मास्तर रांगेला आले नाहीत म्हणून दोन स्वयंसेवक पिशवी घेऊन आले, तेव्हा मास्तरांनी ती जिन्यात ठेवून दिली होती. "उपाशी मरेन, पण फलकावर चढणार नाही," म्हणाले होते.

त्यांनी दार उघडलं. डब्याकडे पाहिलं.

"संस्थेचा?"

"पहिलवानाने कापलं, मी भरलं, ही पोरगी धापा टाकत वर घेऊन आली. आता कुणाचा म्हणायचा ते तुम्हीच ठरवा," खाला म्हणाली.

आतून खोकला आला. मग आवाज. "अहो, शेजारीण आलीय ना? दारात काय उभी ठेवलीत?"

त्यांनी डबा घेतला. दार लावलं.

"घेतला!" मी म्हणाले.

"परत येऊ दे. मग नाच."

दुसऱ्या दिवशी गोदामात टेबल मांडून अध्यक्ष बसले. डबे येऊ लागले. पहिलवान झाकणं उघडत होता. एकात लिंबं. एकात मूठभर साखर. एकात कुंडीतला पुदिना. एकात दोन अंडी, चिंधीत गुंडाळलेली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं हीच माणसं फाटकाबाहेर एकमेकांना कोपर मारत होती. मी बघत राहिले.

संध्याकाळ झाली. अध्यक्षांनी पुन्हा डबे मोजले.

"एक कमी आहे, खाला." आवाज हळू होता. सभेतला नव्हता.

ती कोरडाच डबा पुसत राहिली. कुणाचा राहिलाय, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

तेवढ्यात फाटकातून मास्तर आले. सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. डबा दोन्ही हातांत.

"उशीर झाला," ते म्हणाले. "हिने दोनदा सूप मागून घेतलं. आणि डबा तसाच कसा आणणार? मशीनला तेल घालावं लागलं आधी."

खालाने झाकण काढलं. आत घडी घातलेलं पांढरं कापड होतं. एप्रन. मागे नाड्या, पुढे खिसा.

"काल ओढणी पार खराब झाली होती तुझी," मास्तर म्हणाले.

तिने तो अंगात चढवला. तंतोतंत बसला.

"माप कधी घेतलंत?"

"दार उघडलं तेव्हा."

पहिलवान म्हणाला, "मास्तर, मलाही एक शिवा की!"

"तुझ्या पोटाला तंबू लागेल."

अध्यक्ष मोठ्याने हसले. मग उठले आणि रांगेसाठी ठेवलेले बांबू दोरखंडासकट पहिलवानाच्या हवाली केले. "घेऊन जा. तंबूला वापर. आपल्याला आता लागायचे नाहीत."

धाकटी आता कॉलेजात आहे. तीही मदतीला आली होती. तिने मोबाइल काढला. "अम्मी, एक फोटो?"

खालाने कमरेवर हात ठेवले. बांगड्या वाजल्या.

"काढ. पण नुसता हात नको. तोंड येऊ दे."