सुनंदामावशीचं कापलेलं वाक्य

जिच्या शब्दावर तुम्ही वस्तू मागवता, तिने ती स्वतः किती दिवस वापरली, हे कधी विचारलंत तिला? नाही ना? नवीन पनवेलच्या रुचिरालाही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिची बोबडी वळली असती. चार दिवस. फक्त चार.

रुचिराचं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन पनवेलला आली तेव्हा सुक्या मासळीच्या वासाने नाक धरायची. तिला मासळी शिकवली ती करंजाहून पनवेलच्या बाजारात येऊन बसणाऱ्या सुनंदामावशीने. बोंबील मोडून बघ, कडकन तुटला तरच घे. सुकट मुठीत धर, हाताला वाळू लागली तर परत टाक. रुचिरा हे सगळं मोबाइलवर टिपायची आणि यूट्यूबवर टाकायची. तिला काही विकायचं नव्हतं, म्हणूनच लोक ऐकायचे. ‘ताई, तुमच्यामुळे फसलो नाही,’ असं बायका लिहायच्या आणि ही बाजारातून मान ताठ करून फिरायची.

मग डबे बनवणाऱ्या एका कंपनीचा निरोप आला. घट्ट निळ्या झाकणाचा डबा, आणि तिच्या लिंकवरून जेवढे खपतील त्यावर टक्केवारी. डबा वाईट नव्हता. रुचिराने मावशीलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. मावशीने झाकण दोनदा लावून पाहिलं आणि म्हणाली, “डबा चांगला हाय. पन आदी सुकट दोन दिस उनात घाल, मंगच भर. नायतर वल आतच कोंडते.”

कंपनीच्या माणसाचा फोन आला. “मॅडम, ते उन्हाचं काढा ना. प्रॉडक्ट वीक वाटतं.”

रुचिराने काढलं. आठ सेकंदांचं तर वाक्य. वर स्वतःचं घातलं: ‘उन्हाची कटकट नाही, सहा महिने बिनधास्त!’

श्रावण सरल्यावर ती बाजारात गेली, तर मावशीच्या पाटीत सुकट नव्हतीच. शेजारी निळ्या झाकणांच्या डब्यांची चळत. रुचिराला आधी बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मावशीने एक झाकण काढलं. आत हिरवट-पांढरी बुरशी.

“सात डबे,” मावशी म्हणाली. “श्रावनात गिऱ्हाईक नाय, म्हनून उघडलेच नाय.”

“पण मावशी, ऊन दाखवायचं तर तुम्हीच मला सांगितलेलं.”

“सांगितलेलं. तू कापलास.” मावशीचा आवाज चढला नव्हता. “सुनेनं मोबाइलवर दावलं. मी म्हनलं, शिकलेली पोर हाय, उगाच नाय कापनार. नव्या डब्याला उन लागत नसंल. आमी जुनी मानसं, आमाला काय कलतंय?”

पलीकडच्या बोंबीलवालीने रुचिराच्याच सुरात हेल काढला, “सहा महिने बिनधास्त, काय गं बाय?” दोघी-तिघी हसल्या.

आयुष्यभर समुद्राकाठी मासळी वाळवलेल्या बाईने स्वतःच्या अनुभवावर काट मारली, ती रुचिराच्या भरवशावर. रुचिराने पर्स उघडली. तिला दुसरं सुचलं नाही.

“पैसं ठेव तुजं,” मावशी म्हणाली. “त्या व्हिडिओत माजं तोंड दिसतंय. गिऱ्हाईक येऊन मला बोलतंय, मावशी, तुमीच सांगितलात. माजं बोलनं होतं तिथं परत घाल.”

त्याच दुपारी रुचिराने जुना व्हिडिओ उतरवला आणि नवा टाकला. आधी मावशीचं पूर्ण वाक्य, मग स्वतःचा चेहरा: हे मी कापलं, टक्केवारीसाठी कापलं, डबा चार दिवसच वापरला होता. कंपनीने लिंक बंद केली. खाली लोकांनी लिहिलं, ‘किती प्रामाणिक हो ताई!’ ते वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीला तिने दुसऱ्या दिवशी दाखवलं. मावशीने शेवटपर्यंत बघितलं, मोबाइल परत दिला आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

पहिला व्हिडिओ बघितलेल्यांपैकी निम्मेही या दुसऱ्याकडे फिरकलेले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगणं आहे. घरात तो निळ्या झाकणाचा डबा असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. झाकण उघडा. बुरशी असेल तर सुकट टाकून द्या, आणि चांगली असेल तर आजच सुपात पसरून उन्हात ठेवा.