दुसरी हाक

आमची आत्या पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. साताऱ्यात आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेली माणसं तिला बहिरीच समजायची. दूधवाला, पोस्टमन, रेशन दुकानातला माणूस, सगळ्यांना तिच्यासाठी दोनदा घसा ताणावा लागे. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, फार घाई. ते "आक्का आक्का" असं एका दमात म्हणून मोकळे व्हायचे, आणि आतून काहीच हालचाल होत नसे. मग ते वैतागून पुन्हा ओरडले की आत्या सावकाश बाहेर येऊन त्यांना समजावायची, "एका दमातल्या दोन म्हंजी एकच रं."

ती म्हसवडकडच्या गावात दिलेली. नवरा गेल्यावर दादांनी तिला आमच्याकडे आणलं, आणि ही सवय ती सोबत घेऊनच आली. कारण मी खूप मागे लागल्यावर एकदा तिनं सांगितलं. तिचा दीर लष्करात होता, दूर सरहद्दीवर. एकदा भर दुपारी दोघी जावा शेंगा फोडत बसल्या होत्या. अंगणातून दिराच्या आवाजात त्याच्या बायकोला हाक आली. धाकटी जाऊ "आले" म्हणत हसत बाहेर धावली. अंगणात कुणीच नव्हतं. त्या संध्याकाळी तिला ताप भरला, तो उतरलाच नाही, त्यातच ती गेली. दीर पुढं रजेवर आला, चांगला धडधाकट.

"तुला भास झाला असेल," मी म्हणाले.

"दोघींनीबी ऐकली हाक. तिनं ओ दिली, मी न्हाई," आत्या म्हणाली. "जित्या माणसाला काम असलं की त्यो परत हाक मारतोय. त्या दुसऱ्यांला एकदाच मारता येती."

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारी मुलगी. मला हसू यायचं. पण तिच्या हाताखाली वाढल्यामुळे ती खोड मलाही लागली होती. वर्गात हजेरीला सर दुसऱ्यांदा नाव घेईपर्यंत मी गप्प बसायची आणि शिव्या खायची.

डिप्लोमा संपता संपता सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं नुकतीच कॉम्प्युटरची खोली झाली होती आणि शिकाऊ माणूस हवा होता. दादांनी स्पष्ट सांगितलं, ही एक मुलाखत दे. नाही जमलं तर कऱ्हाडच्या पाहुण्यांना होकार कळवतो. मला ते स्थळ नको होतं, नोकरी हवी होती. दादांना रजा नव्हती, म्हणून आत्या बरोबर निघाली. एसटीत तिनं मला दशम्या खायला घातल्या आणि देवाचा अंगारा लावला. मी तो खिडकीकडे तोंड करून पुसला, तिनं पुन्हा लावला.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं तिला अडवलं. ती बाहेर करंजाच्या सावलीत बसली. आत ओळीनं उमेदवार बसले होते. शिपायानं माझं नाव पुकारलं. मी सवयीनं दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. त्यानं पुढचं नाव घेतलं.

मग मी उठून गयावया केली. "मगाशी काय झोपला हुता काय?" असं म्हणत त्यानं मला सगळ्यांच्या शेवटी ढकललं. माझी पाळी आली तेव्हा दुपार टळटळीत झाली होती. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, की नाव पुकारलं तेव्हा ओ का दिली नाही? दुसरं काही सुचेना, म्हणून मी खरं ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "इथं मशीनशी गाठ आहे, भुतांशी नाही."

त्यांनी मला मशीनपुढं बसवलं, स्वतःच एक डिरेक्टरी उघडून दिली आणि त्यातल्या सगळ्या फायली पुसायला सांगितल्या. मी आज्ञा टाइप केली. मशीननं विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की ना? साहेब घड्याळ बघत म्हणाले, "हो म्हणा आणि संपवा."

माझं बोट बटणावर होतं, पण ते खाली जाईना. एकदाच सांगितलेलं कसं ऐकायचं? साहेबांना उलट विचारलं तर नोकरी गेली. मी मनातल्या मनात "आत्या" म्हटलं. ओठसुद्धा हलले नाहीत. मग धीर करून विचारलं, "सर, एकदा परत सांगता का?"

ते चिडून पडद्यावर वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईत चुकीची जागा उघडली होती. चालू महिन्याचा सगळा हिशेब तिथं होता. त्यांनी स्वतःच 'नाही'चं बटण दाबलं. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

मी धावतच बाहेर आले. मला बातमी सांगायची होती, पण आत्याच आधी बोलली.

"मगाशी हाक का मारलीस गं?"

"मी कुठं मारली?"

"मारलीस की. 'आत्या' म्हनलीस. तुजाच आवाज, लय भ्यालेला."

"मग?"

"मग काय, ओ दिली."

"पहिल्याच हाकेला?"

तिनं पदर खोचला आणि पिशवी उचलली. "तू आत अडकल्याली. दुसरीची वाट कोन बघत बसंल?"

मी कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात आत्याला ताप भरला. मी रजा काढून घरी जायला निघाले, तर तिनंच निरोप धाडला, येऊ नगंस, काम सोडू नगंस. ती गेली तेव्हा मी त्या मशीनपुढं बसले होते. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. तसंच असेल.

आता मी सांगलीतच असते. एखाद्या दुपारी घरात एकटी असले की परसातून "रेखे" अशी हाक येते. आवाज तिचाच, जेवायला बोलावल्यासारखा. मी हातातलं काम थांबवते आणि दुसऱ्या हाकेची वाट बघते. ती येत नाही. मला तिची फार आठवण येते. तिनं माझ्या पहिल्या हाकेला ओ दिली होती. तिच्या हाकेला मी अजून दिलेली नाही.