चांगल्या शेजारणीची साक्ष

आमच्या हौशी नाटक मंडळीत चांगली बाई म्हटलं की ती मीच. नायिका व्हायचं वय गेलं, आणि खलनायिका व्हायला म्हणे माझा चेहरा लई मवाळ. म्हणून यंदाच्या सूडनाट्यातही मी शेजारच्या वहिनी. नायक आधी आपल्या वैऱ्याचं डोकं फिरवतो, मग त्याचा काटा काढतो. मी आपली त्याला पिठलं-भाकरी वाढते. स्टेजवर खरं जेवण लागतं, तेही मीच करून आणायचं. उस्मानपुऱ्यात तालमीला अख्खी मंडळी माझ्या डब्यावर तुटून पडायची.

तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर विचारतो, खून झाला तेव्हा हा कुठं होता, आणि वहिनींनी सांगायचं, माझ्याकडं जेवत होता. मी दिग्दर्शकाला म्हटलं, वहिनी खोटं का बोलतील? तो हसला.

"ताई, चांगली बाई आहे ती. नाही कशी म्हणेल?"

माझं डोकंच सणकलं. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला अक्कल नसती व्हय?

पण हा राग जुना होता. माझ्या धाकट्या भावाला एकानं क्रांती चौकाजवळ सळईनं मारलं. पाय कायमचा अधू झाला. मारणाऱ्याच्या शेजारची काकू पोलिसांना म्हणाली, पोरगं तेव्हा माझ्याच घरी जेवत होतं. साफ खोटं. बाई स्वभावानं लई प्रेमळ. पोराच्या आईचं रडणं बघवलं नाही म्हणून बोलली म्हणे. आणि माझी आई काय हसत होती? मारणारा मोकाट सुटला. आजही गल्लीत लोक त्या काकूला देवमाणूस म्हणतात, ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हे सगळं मी दिग्दर्शकाला सांगितलं. वाईट झालं म्हणाला, पण लोक सूड बघायला येतात, वाक्य बदलणार नाही. वर, उद्या ठेचा जरा जास्त आणा.

प्रयोगाला भाऊ आला होता. पाय लांब करता यावा म्हणून कडेच्या खुर्चीत बसला होता. इन्स्पेक्टरनं विचारलं. नायक माझ्याकडं हक्कानं बघत होता. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"नाय साहेब. हा माझ्याकडं आलाच नव्हता."

नायक विंगेकडं बघायला लागला. विंगेत दिग्दर्शक दातओठ खात हातवारे करत होता. शेवटी पडदाच पाडावा लागला. नंतर तो मला नाही नाही ते बोलला, मंडळातून काढतो म्हणाला. काढ म्हटलं, आणि तुमच्या भाकऱ्या तुम्हीच थापा.

भाऊ बाहेर कठड्याला टेकून उभा होता. मला वाटलं, शाबासकी देईल. त्यानं रस्त्याकडं तोंड वळवलं.

"एवढंच बोलायचं होतं गं त्या काकूनं," तो म्हणाला.