तेल बेताचं

घरात दोघंही सुईवर जगणारी. ती सकाळी सहाला बर्फाची पेटी घेऊन निघायची आणि उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या माणसांच्या घरोघर जाऊन रक्त काढायची. सगळे तिला सुईताई म्हणत. नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. हात सोन्याचे. डोकं मात्र शेवटी जो बोलून गेला असेल त्याच्या मालकीचं.

गाडी होती नऊ वर्षांची, छोटी, पेट्रोलवरची. महिन्यातले सव्वीस दिवस ती चालवायची, बावीस-पंचवीस घरं करून साडेनऊच्या आत नमुने लॅबमध्ये पोचवायची. नवरा चालवायचा रविवारी, दोन तास. पण चारचौघांत बोलताना ती "माझी गाडी" असायची. त्याच्या कंपूत सगळे असेच. एकाने गाडीवर आगीच्या ज्वाळा चिकटवल्या होत्या आणि ती गाडी चढावावर धाप टाकायची.

त्यांच्याच नादाने ह्याला गाडी ट्यून करायची, तिची ताकद वाढवायची हुक्की आली. मग रोज संध्याकाळी ओट्याजवळ मोबाइल, आणि त्यात एक दाढीवाला पोरगा बोंबलून शिकवणार. ती भाजी चिरता चिरता ऐकायची. नवराही ऐकायचा, पण पोरगा समजावायला लागला की तो व्हिडिओ पुढे ढकलायचा आणि गाडी गुरगुरली की मागे घ्यायचा.

"आधी स्टेज वन, मग स्टेज टू," नवऱ्याने जाहीर केलं.

"आमच्याकडे स्टेज वाढली की नातेवाईक रडतात," ती म्हणाली. "तुमच्याकडे टाळ्या वाजवतात होय?"

"तुला नाही कळणार ते."

"नसेल. पण ट्यूनरकडे मीही येणार."

ट्यूनर पन्नाशीचा, चष्मा दोरीला बांधलेला, शब्द मोजून वापरणारा. त्याच्या गॅरेजच्या फरशीत दोन रोलर होते. गाडी त्यावर पळवून ताकद मोजायची. त्याने आधी विचारलं, "करायचंय कशासाठी?"

"पिकअप," नवरा म्हणाला. शाळेत धडा न वाचता हात वर करणारी मुलं असतात, तसा.

"चार वाटा आहेत," ट्यूनर म्हणाला. "पहिली, आहे ते धड करा. प्लग, फिल्टर, टायरमधली हवा. निम्म्या लोकांचं समाधान तिथेच होतं. दुसरी, इंजिनाचा श्वास मोकळा करा. म्हणजे हवा आत घेणारा फिल्टर आणि धूर बाहेर टाकणारा पाइप बदला. आवाज भरपूर वाढतो, ताकद थोडी. तिसरी, रीमॅप. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये किती हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, याचं गणित असतं, ते बदलायचं. चौथी, टर्बो बसवून हवा कोंबायची. मग पिस्टन, क्लच, ब्रेक, सगळंच त्या तोलाचं लागतं."

"टर्बो नसलेल्या गाडीला रीमॅपने किती फरक पडतो?" तिने विचारलं.

ट्यूनरने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "शंभराचे एकशेपाच. तुम्हाला कळणारही नाही."

"आणि स्टेज टू?" नवरा.

ट्यूनरने चष्मा पुसायला घेतला. "साहेब, स्टेज म्हणजे दुकानदारांनी ठरवलेले गठ्ठे. इयत्ता नाहीत त्या, की पास होत वर जायचं." मग सांगावं की नाही असं करत त्याने पुढे सांगितलं, "तो तेल लावायचा कापडी फिल्टर घेणार असाल, तर तेल बेताचं. जास्त झालं तर हवेबरोबर पुढे जातं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर चिकटतं. मग कॉम्प्युटर आंधळा होतो."

तिने मान डोलावली. नवऱ्यानेही डोलावली, पण भिंतीवरच्या लाल गाडीच्या फोटोकडे बघून.

पुढच्याच रविवारी फिल्टर आला, शंकूच्या आकाराचा, सोबत लाल तेलाची बाटली. नवऱ्याने जुन्या फिल्टरचा डबा उतरवून माळ्यावर टाकला आणि नवा फिल्टर स्वतः बसवला. ती तेव्हा अंघोळीला गेली होती, तेवढ्यात सगळं उरकलंसुद्धा. इंजिन घशातून घरघरायला लागलं.

"आवाज आला ना?" त्याने छाती काढून विचारलं.

"आला. आईंच्या घोरण्यासारखा."

"मी घोरत नाही हो," सासूबाई आतून म्हणाल्या.

आठवड्याभरात गाडी अडखळायला लागली. सिग्नलला बंद पडे, चढावर आचके देई. एकदा तिला लॅबमध्ये पोचायला पावणेदहा झाले, एकदा दहा. दुसऱ्या वेळी लॅबच्या मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "सुईताई, नमुने खराब झाले तर माणसांना पुन्हा टोचावं लागतं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर ही घरांची लाइन मी दुसऱ्या कुणाला देणार." आठ वर्षं दार वाजवून वाजवून जमवलेली लाइन होती ती. कुठल्या आजोबांची शीर उजव्या हाताला मिळते, कोण सुई पाहून चक्कर येऊन पडतं, सगळं तिला पाठ.

तिने नवऱ्याला सांगितलं. त्याच्याकडे उत्तरं तयार होती. सोमवारी म्हणाला, पेट्रोल भेसळीचं. मंगळवारी, इंजिन नव्या श्वासाला सरावतंय. बुधवारी तर त्याने कमालच केली. "ताकद वाढलीय ना गं, तुला झेपत नाही."

तिने दुसऱ्या दिवसाची पेटी भरायला घेतली. काही माणसांना उत्तर देणं म्हणजे त्यांना प्रश्न कळला असं मानणं.

गुरुवारी नऊला पाच कमी असताना गाडीने चढावावर मान टाकली. पेटीत बावीस नळ्या. तिने फोन लावला.

"रेस दे!" नवरा ओरडला. "जोरात रेस दे!"

तिने फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं. फिल्टरला हात लावला, तर बोटं लाल झाली. फिल्टर कसला, चिंधी बुडवून काढली होती तेलात! क्षणात तिला सगळं दिसलं. आयुष्यभर ह्या माणसाने शिलाई मशीनं तेल पाजून गप्प केली होती. कुरकुरलं की तेल, अडलं की तेल. इथेही बाटली उपडी केली असणार, आणि वर समाधानाने हात पुसले असणार.

सेन्सर कुठे असतो ते दाढीवाल्याने दाखवलं होतं. नवऱ्याने ते पुढे ढकलण्याआधी तिने पाहून घेतलं होतं. फिल्टरच्या पुढच्या नळीवर, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला. दाराच्या खणात नवऱ्याचा मशीनचा बारका स्क्रूड्रायव्हर पडला होता. तिने गाडी बंद करून सेन्सर काढला. आतली तार केसाएवढी, वर चिकट लाल थर. तिच्या पिशवीत स्पिरिटची बाटली होतीच. तारेला बोटही न लावता तिने वरून धार सोडली, झटकलं, पुन्हा सोडली. फिल्टर कापसात दाबून दाबून पिळला. मग थांबली. मागून कुणी हॉर्न वाजवले, कुणी "बाई, ढकलू का?" विचारून गेलं. ती थांबली. सुरकुतलेल्या हातात शीर वर येईपर्यंत थांबायची सवय होती तिला. स्पिरिट पुरतं उडाल्याशिवाय तिने सेन्सर बसवला नाही.

गाडी सुरू झाली. थोडी खोकली, मग सरळ चढली. मॅडमनी पेटी घेताना घड्याळ पाहिलं. नऊ सत्तावीस. सही करून पावती दिली.

संध्याकाळी नवरा शीळ घालत आला. "पोचलीस ना वेळेत? म्हटलं होतं, सरावेल म्हणून!"

तिने पिशवीतून लाल कापसाचा बोळा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"अगं बाई, रक्त?" सासूबाई दचकल्या.

"नाही आई. तुमच्या लेकाची अक्कल. सांडली होती, टिपून आणली."

"किती तेल घातलंस रे?" बोळा हुंगून सासूबाईंनी लेकाला विचारलं.

"थोडंच... बाटलीभर."

"बाटलीभर!" ती म्हणाली. "अख्ख्या गल्लीच्या डोक्याला पुरलं असतं. ट्यूनरने काय सांगितलं होतं?"

त्याला आठवेना. खरंच आठवेना, आणि ते तोंडावर स्पष्ट दिसलं. तिला हसूही आलं नाही. लाइन गेली असती तर ह्याने चौथं कारण शोधलं असतं आणि संध्याकाळी कंपूत टाळ्या घेतल्या असत्या.

"माळ्यावरचा डबा उतरवा," ती म्हणाली. "आत्ता. उद्या सहाला निघायचंय मला."

"आणि नवा फिल्टर?"

"कंपूला द्या. ज्वाळावाल्याला धाप लागते, त्याला द्या."

तो स्टूल घेऊन चढला. डबा बसवताना मात्र एकही स्क्रू तिरका गेला नाही. हात सोन्याचे होते, ते कोण नाकारतं? पाऊण तासाने त्याने बॉनेट लावलं. घरघर गेली होती. त्याचा चेहरा पडला.

"एक चक्कर मारून बघू?" त्याने किल्ली बोटात फिरवत विचारलं.

तिने हात पुढे केला. "मी बघते."