बटाट्याचा मेमो

“मेट्रन, हे काय प्रश्न आहेत? आपल्याला मॅनेजर घ्यायचाय, धोबी नाही!”

सेक्रेटरीसाहेबांनी माझा कागद टेबलावर आपटला आणि लाल पेन्सिल उचलली. दोन संध्याकाळी बसून मी मुलाखतीसाठी बारा प्रश्न लिहिले होते. त्यातले दहा त्यांनी चहाचा कप संपायच्या आत खोडले.

धंतोलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी तेव्हा मेट्रन होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सेक्रेटरीसाहेबांचा किराण्याचा ठोक धंदा. हॉस्पिटलशी त्यांचा संबंध एवढाच, की दर गुरुवारी मीटिंगला यायचं आणि जाताना व्हरांड्यात दिसेल त्याच्यावर ओरडायचं. त्या वर्षी मुंबईला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. सपोर्ट सर्व्हिसेस मॅनेजर. म्हणजे किचन, लॉन्ड्री, झाडझूड, चादरी आणि ऑपरेशनचे कपडे निर्जंतुक करणं, सगळं एका माणसाच्या हाताखाली. कल्पना चांगलीच होती. पण तो माणूस त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. त्यांच्या साळ्याचा मुलगा, विवेक. हॉटेलचा कोर्स केलेला, मुंबईच्या एका हॉटेलात सहा महिने उभा राहिलेला, आणि टाय बांधणारा.

दुसरा उमेदवार आमचा देवराव. मौद्याकडचा, मॅट्रिक पास. बारा वर्षं लिनन रूम आणि ऑटोक्लेव्ह त्याच्याकडे. आधीचे सुपरवायझर गेल्यापासून किचन-लॉन्ड्रीही तोच बघत होता, हुद्द्याशिवाय. जाहिरातीत वयाची अट पंचेचाळीस, आणि देवरावला चव्वेचाळीस पूर्ण झालेली. पुढची संधी नव्हतीच. शिवाय विवेक आला तर देवरावला ऑटोक्लेव्हवरून काढून कपडे धुवायला पाठवायचं, असं सेक्रेटरीसाहेब उघड बोलत होते. त्याचं कारण बटाटा.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर समजा. ऑपरेशनचे गाऊन, टॉवेल, गॉज हे सगळं भोकं असलेल्या गोल ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम त्या कुकरमध्ये ठेवायचा. ड्रम कोंबून भरला तर वाफ मधल्या कपड्यांपर्यंत पोचत नाही. वरचे कपडे गरम लागतात, मधले तसेच राहतात, आणि चौथ्या दिवशी पेशंटचे टाके पिकतात. वाफ पोचली का हे पाहायच्या काचेच्या नळ्या मिळायच्या, पण आमच्या स्टोअरला त्या कधी आल्या तर यायच्या. म्हणून देवराव आठवड्यातून एकदा चाचणीचा ड्रम लावायचा. नेहमीसारखेच कपडे, आणि अगदी मध्यात फडक्यात गुंडाळलेला एक कच्चा बटाटा. बटाटा कच्चा निघाला की भरणाऱ्याची खैर नसे. नळीची सर बटाट्याला नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

एका गुरुवारी सेक्रेटरीसाहेबांनी तो वाफाळता बटाटा पाहिला. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी देवरावच्या हातात मेमो. ‘हॉस्पिटलच्या यंत्रावर खासगी स्वयंपाक केल्याबद्दल.’ मी समजावायला गेले तर म्हणाले, “मेट्रन, आज बटाटे शिजवतोय, उद्या मटन शिजवेल.” काय बोलणार कपाळ!

मुलाखतीला टेबलामागे सेक्रेटरीसाहेब, दोन ट्रस्टी आणि आमचे सर्जन. मला कोपऱ्यात खुर्ची. प्रश्न सेक्रेटरीसाहेबांचे, इंग्रजीत टाइप केलेले. व्यवस्थापन म्हणजे काय? तुमचा आदर्श नेता कोण? कर्मचाऱ्यांना मोटिव्हेट कसं कराल? उंटावरून शेळ्या हाकायचे प्रश्न सगळे.

विवेक आधी आला. प्रश्न अर्धा होतो न होतो तोच याचं उत्तर सुरू. तिसरा प्रश्न संपायच्या आत त्यानं चौथ्याचं उत्तर दिलं. पेपर घरीच फुटलेला होता, आंधळ्यालाही दिसावं. ट्रस्टी मात्र माना डोलवत होते. सर्जन शांतपणे माझा मूळ कागद वाचत बसले होते, लाल रेघांखालचा.

“मी एक विचारतो,” ते म्हणाले. “ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये आहे. वीस मिनिटं द्यायचीत. पंधराव्या मिनिटाला लाइट गेली, अर्ध्या तासानं आली. काय कराल?”

विवेक गोंधळला. मग हसून म्हणाला, “सर, उरलेली पाच मिनिटं देईन. टाइम मॅनेजमेंट.”

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “व्हेरी गुड.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला बोलायची परवानगी नव्हती.

मग देवराव. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मागे. आदर्श नेत्याच्या प्रश्नाला त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. सेक्रेटरीसाहेबांनी शून्य मांडलं, अगदी दिसेल असं. सर्जननी लाइटचा प्रश्न विचारला.

“पह्यलेपासून, साहेब. थंडा झाला का गेलं सारं. पुरे वीस मिनिटं पुन्हा.”

“आणि प्रेशरचा काटा बरोबर दाखवत असेल तर?”

“काटा बाहेरचं सांगते. ड्रमच्या पोटातलं त्याले काय मालूम?”

सेक्रेटरीसाहेब पुढे सरसावले. “म्हणून तू बटाटे शिजवून खातोस?”

“खाल्ला नाही साहेब, देवाशप्पथ. मधातला बटाटा शिजला तं समजाचं वाफ पोचली. नाही शिजला तं ड्रम पुन्हा भराचा. मेमो भेटला तवाबी हेच सांगून राहिलो होतो मी. तुमी आयकलंच नाही.”

“मग तेव्हा लेखी काहून नाही दिलं?” एका ट्रस्टीनं विचारलं.

“देल्लं होतं. साहेबांनी वाचलं नाही.”

सर्जननी देवरावला पूर्ण मार्क दिले. पण मार्कांचा तक्ताही सेक्रेटरीसाहेबांनीच आखलेला. इंग्रजी वीस, व्यक्तिमत्त्व वीस, नेतृत्व वीस, आणि कामाची माहिती पाच. बेरीज केली, विवेक निवडला गेला. सेक्रेटरीसाहेबांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली. दोन्ही ट्रस्टींनी केली. कागद सर्जनकडे सरकला.

तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे वळले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल पायाळू होतं आणि सोमवारी आमच्याकडेच तिचं सिझेरियन ठरलं होतं. आवाज खाली आणून म्हणाले, “मेट्रन, सोमवारी आमच्या बेबीच्या वेळेला ड्रम तेवढे देवरावनंच भरलेले ठेवा बरं का.”

मला क्षणभर खरंच वाटलं की हे थट्टा करताहेत. नव्हते करत. चेहऱ्यावर बापाची काळजी होती, अगदी खरी.

मी उठले. तोच नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. “साहेब, एवढं याच्याखाली लिहून द्या. ‘मॅनेजर विवेक राहतील, पण माझ्या मुलीसाठी ड्रम देवरावचा.’ म्हणजे बाकीच्या पेशंटांना वाचून दाखवता येईल.”

“मेट्रन, तुम्ही फार बोलता!”

“लिहा ना,” सर्जन पेनाचं टोपण काढत म्हणाले, “मी साक्षीदार म्हणून सही करतो.”

एक ट्रस्टी छताकडे पाहू लागला, दुसऱ्याला खोकला आला. सेक्रेटरीसाहेबांनी तो कागद ओढून घेतला. मग चार तुकडे करून खिशात घातले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “देवरावची ऑर्डर टाइप करा.”

शनिवारी देवराव मॅनेजर झाला. मेमो रद्द झाल्याचं कोणी लेखी दिलं नाही, तसला मोठेपणा आमच्याकडे नव्हताच. विवेकला ट्रस्टच्या धर्मशाळेचा मॅनेजर केलं. मॅनेजर तर त्याला व्हायचंच होतं.

सोमवारी सेक्रेटरीसाहेबांना नात झाली. मुलीचे टाके सातव्या दिवशी कोरडे निघाले. साहेबांनी वॉर्डभर पेढे वाटले, देवरावला सोडून.

त्यानंतर मी पुष्कळ मुलाखती पाहिल्या. उमेदवाराला काय विचारायचं यावर लोक उगाच डोकं शिणवतात. प्रश्न टेबलामागे बसलेल्यांना विचारावा, आणि तोही एकच. तुमच्या घरचं माणूस आत टेबलावर असेल, तर यातला कोण चालेल?